कानस मारलेली गोळी

आठ दिवस लागून राहिलेली झड त्या सकाळी उघडली. पोळा होऊन चौथा दिवस. मक्याच्या पानांवरून पाणी निथळत होतं, गावामागच्या टेकडीवर धुकं बसलं होतं, आणि वारा इतका पडला होता की चुलीचा धूर सरळ वर जात होता. उकंडरावांना असाच दिवस लागायचा. शिसं वितळवायला वारा चालत नाही, एका अंगाने आच लागते आणि दुसरं अंग थंड राहतं. ओल तर मुळीच चालत नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला की ते तडतडून अंगावर येतं. उजव्या मनगटावरचा डाग त्यांना हे पंचवीस वर्षांपूर्वी शिकवून गेला होता.

अंगणात तीन दगड मांडून त्यांनी लोखंडी पळी ठेवली. शिसं होतं टेलिफोनच्या जुन्या केबलच्या सालीचं. गावात मोबाइल आले आणि जमिनीतली केबल खणून निघाली, तेव्हा सगळे तांब्याच्या मागे लागले. उकंडरावांनी तेवढी साल मागून घेतली. हे शिसं मऊ असतं, नखाने ओरखडा उठतो, आणि साच्यात पाण्यासारखं भरतं. टायरवाल्याकडे चाकाला लावतात ते शिसं कडक, ते साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वाकड्या गेलेल्या गोळ्यांनी सांगितलं होतं.

सत्यभामाबाई गोठ्यातलं शेण काढून बाहेर आल्या. नवऱ्याला पळीवर वाकलेलं पाहून टोपलं तिथेच टेकवलं.

"पोळ्याले सोताचे बैल वळखू आले नाई तुमाले," त्या हळूच म्हणाल्या, "अन् गोळ्या वतून राह्यले."

"धुकं व्हतं तवा."

"पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, धुकं."

उकंडरावांनी पळीतली मळी चमच्याने बाजूला केली. देऊळगाव राजाला डोळ्यांचं शिबिर आहे, हे बाई महिनाभर सांगत होत्या. ते ऐकत होते, आणि ऐकलं नाही असं दाखवत होते.

उकंडराव पासष्टीचे. साखरखेर्ड्याच्या बाजूला टेकडीच्या पोटाशी हे गाव, आणि त्यांचं शेत सगळ्यात वरचं. टेकडीवरून उतरणाऱ्या रानडुकराचं पहिलं पाऊल त्यांच्या बांधावर पडतं. एक कळप एका फेरीत अर्धा एकर मका लोळवून जातो. खातो थोडा, तुडवतो जास्त. म्हणून वडिलांच्या काळापासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक. भरमार. नळीत वरून दारू भरायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, आणि एकच बार. काडतुसवाल्याला दुसरी संधी असते. भरमारवाला पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर सिंदखेडला पोचलेलं असतं.

एकच बार, म्हणून एकच गोळी, म्हणून ती निवडलेली हवी. उकंडरावांचं सगळं नाव या निवडण्यावर उभं होतं. नेम काय, पुष्कळांचा चांगला असतो. गोळी निवडणारा पंचक्रोशीत हा एकच.

साच्यातून निघालेली गोळी आधी डोळ्यासमोर धरायची. साच्याच्या दोन पाकळ्या मिळतात तिथली शिवण केसाएवढी बारीक हवी. मग सोनाराकडचा जुना तराजू. त्याच्या एका पारड्यात कायम एकच गोळी, तिचं नाव 'पाटील'. नवी गोळी दुसऱ्या पारड्यात घालायची. पाटलाच्या बरोबरीने राहिली तर ठीक. वर उचलली गेली तर समजायचं, पोटात हवेची पोकळी आहे. शेवटी काच. दुकानाच्या काऊंटरची जाड काच होती, तिच्या एका टोकाखाली दोन काडीपेट्या. काचेवर खडूची रेघ. गोळी सोडायची. पोट भरीव असेल तर ती रेघ धरून उतरते. आत कुठे खोट असेल तर अर्ध्या वाटेवर मान वळवते आणि बाजूला जाते. हातभर काचेवर जी बोटभर वळते, ती शंभर पावलांवर कुठे जाईल याचा भरवसा नाही.

तिन्ही परीक्षा झाल्या की मगच कानस. शिसं जिथून ओततात तिथे गोळीला देठ राहतो. तो कापून त्यावर दोन आडवे, दोन उभे हात कानस फिरवायची, की गोळी गुळगुळीत. ती चहाच्या पत्र्याच्या डब्यात. नापास झालेली, देठ तसाच खरखरीत ठेवून, करवंटीत.

करवंटीतल्या गोळ्या पूर्वी पुन्हा पळीत जात. तीन-चार वर्षांपासून त्या इंद्रभान नेत होता. गावात दुसरी भरमार त्याची. चाळिशीचा गडी, उंच, हसरा, आणि कामात सगळा ढिला. नाल्यापलीकडे त्याचं शेत. तो यायचा, करवंटी खिशात उलटी करायचा आणि म्हणायचा, "आबा, तुमची नापास पोरं माह्या शाळेत पास होतेत."

उकंडराव दर वेळी रागवायचे. सांगायचे, गोळी वाकडी गेली तर डुकरापाशी थांबत नाही, तिच्या वाटेत कोण उभं आहे हे तिला माहीत नसतं. रागवायचे, आणि करवंटी त्याच्यापुढे सरकवायचे. हे त्यांना नंतर आठवलं.

त्या सकाळी चाळीसेक गोळ्या ओतून झाल्या आणि ते निवडायला बसले. गेल्या दिवाळीपासून डाव्या डोळ्यापुढे ताकाचा पडदा होता. उन्हाळ्यात उजव्यालाही सुरुवात झाली. गोळीची शिवण दिसत नव्हती, म्हणून ते बोट फिरवून पाहू लागले होते. बोट बरोबर सांगायचं. तराजूचा काटा दिसत नव्हता, म्हणून दोन तळहातांवर दोन गोळ्या घेऊन पाटलाशी वजन जोखायचे. काचेवर गोळी सोडायचे, पण रेघ दिसायची नाही. मग खाली पडल्याचा आवाज ऐकायचे. समोर पडल्यासारखी वाटली की पास. तीस वर्षांचा हात आहे, त्याला डोळा कशाला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण शिवण बाहेर असते, ती बोटाला कळते. पोकळी आत असते. तिला बोट पुरत नाही.

त्यांनी तीस गोळ्यांना कानस मारली. पूर्वी चाळिसातल्या वीस निघायच्या. हात सुधारला असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी, तांबडं फुटत असताना, उकंडराव शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसले होते. झडीनंतरचं धुकं रोज पहाटे मक्यात उतरत होतं. खालच्या अंगाला वच्छलाबाईंचं शेत. वच्छलाबाई म्हणजे त्यांच्या वारलेल्या दोस्ताची बायको. बांधावर त्यांचा गोठा. त्यापुढे नाला, नाल्यापलीकडे इंद्रभानचा माळा.

मका मोडल्याचा आवाज आला. ताटं कडकड वाजत होती, जनावर जड होतं. उकंडरावांनी बंदूक खांद्याला लावली. धुक्यात त्यांना एक काळसर डाग दिसला. डागच. तो डुकराचा असेल असं नाही, पण तो डुकराचाच आहे असं त्यांनी धरलं, कारण तिथे त्या वेळी दुसरं कोण असणार. बार झाला. धप्प आवाज, जोराचा श्वास, आणि ताटं मोडत काहीतरी खाली पळालं. थोड्या वेळाने नाल्यापलीकडे इंद्रभानचाही बार वाजला.

ते खाली उतरले, रक्त शोधलं. दिसलं नाही. त्यांना न दिसणं आणि तिथे नसणं यात फरक होता, पण तो त्यांनी त्या वेळी केला नाही. घरी येऊन चहा घेतला. बायकोला सांगितलं, लागली, पण डुक्कर टेकडीवर गेलं.

ऊन पडलं तेव्हा वच्छलाबाईंची हाक गावात आली. डुकरांच्या वासाने बिचकून त्यांचा कोशा दावं तोडून मक्यात शिरला होता. आता तो बांधावर तीन पायांवर उभा होता, मागच्या मांडीतून रक्त गळत होतं. कोशा त्यांच्या जोडीतला उजवा बैल. पोळ्याला बाईंनी स्वतः त्याची शिंगं रंगवली होती, तो रंग अजून शिंगांवर होता.

जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला. त्याने मांडी चिरून गोळी काढली. हाडाला लागली नव्हती, मांसातच बसली होती, त्यामुळे तिचा आकारही मोडला नव्हता. बैल जगेल, तो म्हणाला. पण यंदा जुवाखाली घालायचा नाही, आणि पुढेही लंगडला तर नवल नको.

पोलीस पाटील ज्ञानेश्वर याने गोळी धुतली, काडीपेटीत घातली आणि पंधरा-वीस माणसं घेऊन सरळ उकंडरावांच्या ओट्यावर आला. वच्छलाबाई मागून आल्या. इंद्रभानही होता. सगळ्यांना माहीत होतं की त्या पहाटे दोन बार वाजले, आणि बैल दोन्ही माळ्यांच्या मधे होता.

"आबा, तुमी पाहा हे," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याने काडीपेटी उघडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

उकंडरावांनी ती चिमटीत धरली. अंगठा आपोआप देठाकडे गेला. देठ गुळगुळीत होता. दोन आडवे, दोन उभे हात. कानस मारलेली गोळी. आईला लेकराचा माथा कळावा तशी ती त्यांच्या अंगठ्याला कळली.

कोणीतरी काच आणून मांडली होती. खाली दोन काडीपेट्याही ठेवल्या. सगळे वाट पाहत होते. त्यांनी गोळी काचेवर सोडली. त्यांना ती दिसली नाही, पण माणसांचे श्वास ऐकू आले, आणि मग डाव्या बाजूला ओट्याच्या फरशीवर टक्क झालं. गोळी वळून काचेच्या कडेवरून पडली होती.

"हे आबाची नोहे," गर्दीतून कोणी म्हणालं. "आबाची गोळी रेघ सोडत नाई."

सगळ्यांची तोंडं इंद्रभानकडे वळली. करवंटीतल्या गोळ्या कोण नेतो, हे काय कोणाला माहीत नव्हतं.

ज्ञानेश्वरने पुन्हा विचारलं. पोलीस पाटलाला तोंडी शब्द लागतो. आबांनी एकदा सांगितलं की झालं.

तेव्हा बोलायचं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण पंधरा-वीस माणसं त्यांच्याकडे ज्या विश्वासाने पाहत होती, ती नजर त्यांना दिसत नसतानाही अंगावर जाणवत होती, आणि ती हातची सोडवेना.

"माह्या डब्यात अशी गोळी राह्यत नाई," ते म्हणाले.

एवढंच. गेली तीस वर्षं हे वाक्य खरं होतं.

इंद्रभानने मान खाजवली. तो चिडलाही नाही. म्हणाला, मग माझीच असेल. धुक्यात डुकरावर बार टाकला होता, आबा कधीचे सांगत होते, आपण ऐकलं नाही. मग वच्छलाबाईंकडे वळून त्याने हात जोडले. बाईंनी तोंड फिरवलं.

ज्ञानेश्वरने त्याची बंदूक आपल्या घरी नेऊन ठेवली. सोमवारी ठाण्यात कागद जाणार होता, आणि मग परवाना राहील याची आशा नव्हती. इंद्रभानचं शेत नाल्याकाठचं, डुकरांचा दुसरा रस्ता तिथूनच. बंदूक गेली की त्याचा मका गेला.

पुढचे तीन दिवस उकंडरावांना भारी गेले, आणि गंमत अशी की गावात त्यांचा मान त्याच तीन दिवसांत वाढला. चावडीवर पोरं एकमेकांना सांगायची, निवड असावी तर आबांसारखी. एकाने तर घरी येऊन विचारलं, इंद्रभानच्या बाजूची राखणही तुम्हीच कराल का. उकंडराव पाहू म्हणाले. भाकरी मोडायची, तुकडा तोंडाशी न्यायचा, पुन्हा ताटात ठेवायचा, असं चाललं होतं. सत्यभामाबाईंनी दोनदा विचारलं, काऊन जेवत नाही. पोट बरं नाही म्हणाले.

सगळ्यात वाईट होत्या घागरी. इंद्रभानच्या घरचं पाणी वच्छलाबाईंच्या बोअरवरून जायचं. बैलाला गोळी लागल्यावर बाईंनी इंद्रभानच्या बायकोला, शारदाला, सांगितलं की माझ्या बोअरवर येऊ नको. आता शारदा लांबच्या विहिरीवर जायची, आणि तिची वाट उकंडरावांच्या ओट्यापुढून होती. एका खेपेला एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. दिसायची नाही त्यांना. घागरीतलं पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा आणि तिची पावलं. ओट्यासमोर आली की ती डोक्यावरचा पदर सावरायची, बांगड्या वाजायच्या. थोर माणसाच्या दारावरून चाललोय म्हणून. उकंडराव तिची वेळ झाली की घरात जाऊन बसू लागले.

चौथ्या दिवशी, रविवारी, सकाळीच इंद्रभान आला. हातात करवंटी. उरलेल्या गोळ्या परत द्यायला आलो, म्हणाला. ओट्यावर बसला, पाणी प्याला. मग जरा लाजत म्हणाला, "आबा, बंदूक परत भेटो न भेटो. मले येकदा पाहू द्या कशी निवडता ते. माह्या किती वाकड्या हायेत ते तं कळू द्या मले."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. उकंडरावांनी काच मांडली, काडीपेट्या ठेवल्या, रेघ ओढून घ्यायला त्याला खडू दिला. इंद्रभानने करवंटीतली एक गोळी सोडली, ती वळली. दुसरी सोडली, तीही वळली. तो हसला, आपल्याच शाळेचा निकाल पाहून. मग म्हणाला, आता एक चांगली दाखवा, म्हणजे फरक समजेल. आणि त्याने चहाचा डबा स्वतःच ओढून घेतला.

पहिली गोळी रेघ धरून उतरली. वा, म्हणाला तो. दुसरी अर्ध्यात वळून बाजूला पडली.

"हात हालला असंन तुहा," उकंडराव म्हणाले.

हाललाच असेल, असं म्हणून त्याने तीच पुन्हा सोडली. पुन्हा वळली. तिसरी सरळ गेली, चौथी सरळ, पाचवी वळली.  तो एकेक गोळी सोडत होता, आणि उकंडराव आवाज मोजत होते. समोर टक्क, समोर टक्क, डावीकडे टक्क. डबा रिकामा झाला तेव्हा त्याच्या मांडीपाशी दोन ढीग होते. दुसरा ढीग लहान नव्हता.

त्याने दुसऱ्या ढिगातली एक गोळी उचलली आणि बोटात फिरवली. मग करवंटीतली एक उचलून तीही फिरवली.

"आबा, हे कानस कवा मारता तुमी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ओततानाच मारतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. इंद्रभानला काय कळणार होतं.

"निवडल्यावर," उकंडराव म्हणाले.

"अन् करवंटीतल्याले?"

"नाई मारत."

इंद्रभानने दोन्ही गोळ्या एका तळहातावर घेतल्या. गोठ्यात सत्यभामाबाई म्हशीला काही बोलत होत्या, तेवढाच आवाज.

"काडीपेटीतली म्या हातात घेतली व्हती त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "गुळगुळीत व्हती."

उकंडरावांनी मान खाली घातली. आता तो उठेल, ओरडेल, गल्ली गोळा करेल. त्यांना ते हवंच होतं. पण इंद्रभानने दोन्ही ढीग एक केले, सगळ्या गोळ्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं.

"राहू द्या, आबा," तो म्हणाला. "माह्या नावाले कोणी हार घालून ठेवला नाई. तुमचं गेलं तं गावात राह्यलं काय?"

शिवी दिली असती तर अंगावरचं ओझं थोडं तरी उतरलं असतं. ही दया उकंडरावांच्या छातीवर जात्याच्या तळीसारखी बसली. आपण इतक्या वर्षांत ज्याला फक्त रागवलो, ज्याला आपला टाकलेला माल दिला आणि वर उपदेश दिला, तो माणूस आपल्यासाठी परवाना सोडायला निघाला होता. आणि तेही असं, जसं कोणी पानाचा डबा पुढे सरकवतो.

"दिसत नाई मले, इंद्रभान," ते म्हणाले. "दिवाळीपासून दिसत नाई."

हे वाक्य त्यांनी बायकोजवळही कधी म्हटलं नव्हतं. गोठ्यातलं बोलणं थांबलं. सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

त्यांनी इंद्रभानला ज्ञानेश्वरकडे पाठवलं, वच्छलाबाईंच्या अंगणात बोलाव म्हणाले. स्वतः बंदूक घेतली, डबा घेतला. सत्यभामाबाई सोबत येतो म्हणाल्या, त्यांनी नको म्हटलं. भिंतीला हात लावत ते निघाले. रोजची वाट, पण आज ती मोजून चालावी लागली. गल्लीत कोणी रामराम घातला. त्यांनी आवाजाकडे मान हलवली. हा शेवटचा असा रामराम, एवढं त्यांना कळत होतं.

वच्छलाबाई कोशाजवळ बसल्या होत्या. निंबाचा पाला उकळलेलं पाणी पातेल्यात होतं, त्याचा कडू वास अंगणभर. बैल बसला होता, दुखरा पाय लांब करून. उकंडरावांनी बंदूक गोठ्याच्या खांबाला टेकवली आणि उभेच राहिले. ज्ञानेश्वर आला, मागून दोघं-तिघं आले. इंद्रभान बाहेरच थांबला होता.

"वैनी, गोळी माही हाये," उकंडराव म्हणाले. "त्या दिवशीच वळखली व्हती म्या. बोललो नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, धुक्यातल्या डागाचं, कानशीचं. ज्ञानेश्वरला म्हणाले, डब्यातल्या कोणत्याही गोळीचा देठ पाहा आणि काडीपेटीतला पाहा. ज्ञानेश्वरने पाहिला. इतका वेळ तो उकंडरावांना लागून उभा होता, आता जरा बाजूला झाला. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, आबांनी बी. तेवढे दोन शब्द. पुढचं वाक्य त्याने केलं नाही.

वच्छलाबाई पातेल्यातलं फडकं पिळत होत्या. त्यांनी ते पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं.

"जनावराले गोळी लागते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "धुक्यात कोणाच्याबी हातून लागन. त्याचं म्या काही म्हनलं नसतं. पण चार दिवस म्या शारदाले पाणी भरू देलं नाई. लेकरावानी पोर ते, दारातून वापस लावली. ते पाप माह्या पदरात काऊन घातलं तुमी?"

  इतके दिवस आपलीच लाज आपण उराशी धरून बसलो, तिचा एक वाटा दुसऱ्याच्या घरातही ठेवून आलो आहोत, हे उकंडरावांना तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं.  पायाखालची जमीन ओली होती, तिच्यात अंगठा रुतवून ते उभे राहिले.

बाईंनी तिथूनच बाहेर उभ्या इंद्रभानला हाक मारली. म्हणाल्या, शारदाले धाड. नाई, राहू दे, मीच जातो. पदराला हात पुसत त्या उठल्या, आणि उकंडरावांच्या बाजूने, अंगाला वारा लागेल इतक्या जवळून, त्यांच्याकडे न पाहता गेल्या.

ज्ञानेश्वरने ओसरीवर बसून कागद नव्याने लिहिला. उकंडरावांना वाचून दाखवला. बंदूक जमा, परवाना परत, सही इथे. त्यांनी सही कुठे करायची ते बोट धरून दाखवायला सांगितलं. आजवर ते सहीची जागा अंदाजाने गाठत होते. ज्ञानेश्वरने बोट धरलं. इंद्रभानची बंदूक संध्याकाळी परत देतो, म्हणाला. मग थोडं थांबून, देऊळगाव राजाच्या शिबिराला उद्या गाडी जाणार आहे, तुमचं नाव सांगू का, असं विचारलं.

"सांग," उकंडराव म्हणाले.

माणसं पांगली. जाताना कोणी रामराम घातला नाही, किंवा घातला असेल तर हातानेच, जो त्यांना दिसला नाही. ते गोठ्यापाशी तसेच उभे होते. घरी जावं, तर वाटेत चावडी. इथे थांबावं, तर कोणी थांबा म्हटलं नव्हतं. कोशाने फुरफुर केली. त्याच्या पुढची गव्हाण त्यांनी हाताने चाचपली. रिकामी होती.

वच्छलाबाई परत आल्या. मागे घागरींचा आवाज होता, आणि दुसऱ्या पावलांचा. बोअरचं बटण पडलं, पाणी घागरीत पडू लागलं. बाई गोठ्यात आल्या तेव्हा उकंडराव अजून गव्हाणीवर हात ठेवून उभे.

"गवत नाई याले," ते म्हणाले.

"कापाले कोण हाये मले," बाई म्हणाल्या. त्यांनी कुडात खोचलेला इळा ओढून काढला आणि मुठीची बाजू त्यांच्या हातात दिली. "बांधाच्या वरल्या अंगाले कापा. खाली चिखल हाये, पडसान."

बांधावरचं गवत गुडघाभर होतं आणि ओलं होतं. उकंडराव उकिडवे बसले. डाव्या हाताने मूठभर गवत धरलं, उजव्या हाताने इळा मुळाशी टेकवला, आपली बोटं कुठे संपतात ते आधी पात्याच्या पाठीने चाचपून घेतलं, आणि मग ओढला.